‘रिप्रेझेंटेशन’ला मराठीत काय म्हणायचं?

काही महिन्यांपूर्वी एका कराराचं मराठी भाषांतर तपासायला माझ्याकडे आलं. भाषांतर यंत्राने केलं होतं आणि नंतर कुणीतरी त्यावरून वरवर हात फिरवला होता. तिसऱ्या पानावर वाक्य होतं: ‘कंपनी असे प्रतिनिधित्व करते की तिच्याविरुद्ध कोणताही दावा प्रलंबित नाही.’ मी ते दोनदा वाचलं. कंपनी कुणाचं प्रतिनिधित्व करते आहे? दाव्याचं? मूळ इंग्रजी काढून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. तिथे ‘रिप्रेझेंट’ हे क्रियापद होतं, आणि अर्थ एवढाच होता की आपल्यावर कोणताही दावा चालू नाही असं कंपनी खात्रीने सांगते आहे. पुढे हे खोटं निघालं तर समोरच्याला करार मोडता येतो, नुकसानभरपाईही मागता येते. म्हणजे सही करणाऱ्याने सगळ्यात नीट वाचायला हवं असं हे वाक्य, आणि मराठीत त्याचा काहीच बोध होत नव्हता.

त्यानंतर हा शब्द मला जिथे तिथे दिसू लागला. ‘सिनेमात अपंग व्यक्तींचं प्रतिनिधित्व कमी आहे’ असं एका लेखात होतं. ‘हे मॉडेल शब्दांचं प्रतिनिधित्व शिकतं’ असं कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या दुसऱ्या लेखात होतं. एका सर्वेक्षणाच्या बातमीत ‘प्रतिनिधी नमुना’ होता. सगळीकडे मूळ इंग्रजी शब्द एकाच घराण्यातला, आणि सगळीकडे मराठीत तोच एक ‘प्रतिनिधी’ चिकटवलेला. वाचणाऱ्याला वाटतं, विषय कठीण आहे, आपल्याला कळत नाही. खरं तर बऱ्याचदा विषय सोपा असतो आणि शब्द चुकीचा पडलेला असतो.

मूळ शब्द काय सांगतो

हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमार्गे आला, पण त्याचं मूळ लॅटिन आहे. ‘प्राएसेन्स’ म्हणजे समोर असलेलं, हजर. हजेरी घेताना शाळेत जे ‘प्रेझेंट’ म्हणतात ते हेच. त्यावरून ‘रेप्राएसेन्तारे’, म्हणजे समोर आणणं, हजर करणं. रोमन लोक हा शब्द पैशाच्या व्यवहारातही वापरत: रोख रक्कम लगेच मोजून देणं यालाही ते हेच म्हणत. उद्या देतो, परवा देतो असं न म्हणता पैसे समोर ठेवायचे. मला हा जुना अर्थ फार आवडतो, कारण त्यातून शब्दाचा गाभा हातात येतो. जे समोर नाही ते समोर आणायचं.

राज्यशास्त्राच्या अभ्यासक हॅना पिटकिन यांनी १९६७ मध्ये या एकाच संकल्पनेवर अख्खा ग्रंथ लिहिला. त्यांच्या विवेचनाचा सूर असा: जी गोष्ट प्रत्यक्षात हजर नाही, तिला कुठल्या तरी अर्थाने हजर करणं. खरी मेख ‘कुठल्या तरी अर्थाने’ या शब्दांत आहे. नकाशा डोंगराला हजर करतो तो रेषांनी. वकील अशिलाला हजर करतो तो अधिकाराने. नमुना म्हणून काढलेले हजार लोक कोट्यवधींना हजर करतात ते प्रमाणाने. हजर करण्याची रीत बदलली की मराठीत शब्द बदलतो. इंग्रजीत बदलत नाही, एवढाच फरक.

म्हणून हा शब्द दिसला की मी तीन प्रश्न विचारते. गैरहजर कोण किंवा काय आहे? त्याच्या जागी काय उभं आहे? आणि ते कुणासमोर उभं आहे? उत्तरं मिळाली की मराठी शब्द बहुधा आपोआप सुचतो.

पहिला अर्थ: चित्रण

चित्र, छायाचित्र, पुतळा, नकाशा, कथेतलं पात्र या सगळ्यांना इंग्रजीत रिप्रेझेंटेशन म्हणतात. मराठीत इथे ‘चित्रण’ हा सरळ शब्द आहे. प्रसंगानुसार ‘रेखाटन’, ‘दर्शन’ किंवा ‘प्रतिमा’ही चालतं.

बेल्जियन चित्रकार रेने माग्रित यांनी १९२९ मध्ये तंबाखू ओढायच्या पाइपचं एक हुबेहूब चित्र काढलं आणि खाली फ्रेंचमध्ये लिहिलं, ‘हा पाइप नाही’. पाहणारा आधी गोंधळतो. मग लक्षात येतं की वाक्य अगदी खरं आहे. हे पाइपचं चित्र आहे. त्यात तंबाखू भरता येणार नाही. इतकी उघड गोष्ट आपण रोज विसरतो, आणि नकाशापुढे सगळ्यात जास्त विसरतो.

जगाचा जो नकाशा डोळ्यांपुढे येतो, तो बहुतेकांच्या बाबतीत गेरार्डस मर्केटर यांच्या १५६९ मधल्या पद्धतीवर बेतलेला असतो. त्यात ग्रीनलँड जवळपास आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलँडच्या सुमारे १४ पट आहे. मग मर्केटर चुकले का? नाही. त्यांनी नकाशा केला तो खलाशांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज हाकलं, तर तो मार्ग या नकाशावर सरळ रेषेत उमटतो. समुद्रावरच्या माणसाला हेच हवं होतं. त्यासाठी विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितकं क्षेत्रफळ ताणावं लागलं. रबरी चेंडू कापून टेबलावर सपाट पसरायचा म्हटलं तर तो कुठे तरी ताणला जाईल किंवा फाटेल; पृथ्वीचंही तेच होतं. गोलाचा पृष्ठभाग कसलीही मोडतोड न करता सपाट करता येत नाही, हे जर्मन गणितज्ञ गाउस यांच्या १८२७ मधल्या गणिताने पक्कं झालं. अंतरं, आकार, दिशा, क्षेत्रफळं सगळं जसंच्या तसं दाखवणारा सपाट नकाशा होऊच शकत नाही.

चित्रण करणारा काहीतरी ठेवतो आणि काहीतरी सोडतो. काय सोडलं हे त्याच्या हेतूवर ठरतं. म्हणून एखादं चित्रण ‘बरोबर’ की ‘चूक’ असं विचारण्यापेक्षा ते कशासाठी केलं होतं आणि आता कशासाठी वापरलं जातंय, हे विचारलेलं बरं. खलाशांचा नकाशा जहाजावर उत्तम होता. तोच वर्गाच्या भिंतीवर देशांचे आकार शिकवायला टांगला, तेव्हा घोटाळा झाला.

संगणकातला अर्थ: रूप

बारा ही एकच संख्या घ्या. आपण १२ लिहितो. रोमन पद्धतीत दहाच्या फुलीपुढे दोन उभ्या रेघा काढतात. संगणक फक्त शून्य आणि एक वापरून ११०० लिहितो. संख्या बदलली नाही, तिचं रूप बदललं. गणितात आणि संगणकशास्त्रात रिप्रेझेंटेशन येतं ते बहुधा याच अर्थाने, आणि तिथे ‘प्रतिनिधित्व’ घातलं की वाक्य मेलंच म्हणून समजा. ‘रूप’, ‘मांडणी’ किंवा थोडं पारिभाषिक हवं असेल तर ‘निरूपण’ म्हणावं.

हा लेख तुम्ही पडद्यावर वाचत असाल तर याचं उदाहरण समोरच आहे. ‘किती’ हा शब्द पाहा. डोळ्यांना आधी पहिली वेलांटी दिसते, मग क. संगणकाच्या स्मृतीत मात्र उलटा क्रम असतो: आधी क, म्हणजे २३२५ हा क्रमांक, आणि त्यानंतर वेलांटी, म्हणजे २३६७. उच्चाराचा क्रम तो आत जपतो आणि पडद्यावर मांडताना वेलांटी उचलून डावीकडे ठेवतो. ही मांडणी बिघडते तेव्हा वेलांटी सुटी पडते आणि तिच्याशेजारी ठिपक्यांचं एक वर्तुळ उमटतं. ते तुम्ही कधी ना कधी पाहिलं असेल. एकाच अक्षराची दोन रूपं, एक यंत्रासाठी आणि एक डोळ्यांसाठी. त्यांचा सांधा निखळला की हे होतं.

रूप बदलताना काही सांडतंही. एक भागिले तीन हे दशांशात लिहायला गेलं तर ०.३३३… संपतच नाही. कुठे तरी थांबून बाकीचं तोडावं लागतं. संगणकाच्या शून्य-एकच्या पद्धतीत अशीच अडचण ०.१ ची होते. आपल्याला अगदी साधी वाटणारी ही संख्या तिथे कधीच पूर्ण लिहून होत नाही. म्हणून बऱ्याच संगणकभाषांमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज मागितली तर उत्तर ०.३०००००००००००००००४ असं येतं.

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं? २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरेबियातल्या धाहरान इथे एका अमेरिकी तळावर इराकचं स्कड क्षेपणास्त्र येऊन आदळलं. ते अडवण्यासाठी असलेली पेट्रियट यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू होती. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजायचं, आणि हा ०.१ तिच्या स्मृतीत तोडून बसवलेला होता. दर मोजणीला चूक किती, तर सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही किंचित कमी. पण शंभर तासांत ती साचत साचत सेकंदाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाएवढी झाली. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. यंत्रणा आकाशात भलत्याच ठिकाणी पाहत राहिली. २८ सैनिक गेले. एका संख्येचं रूप तोडून बसवल्याचा हा परिणाम.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी. तिथे रिप्रेझेंटेशन म्हणजे शब्दाचं, चित्राचं किंवा आवाजाचं आकड्यांत उतरवलेलं रूप. मी त्याला ‘अंकरूप’ म्हणते. प्रत्येक शब्दाला शेकडो आकड्यांची एक माळ दिली जाते. ज्या शब्दांचा वापर सारखा, त्यांच्या माळा एकमेकींजवळ येतील अशा तऱ्हेने यंत्र लाखो वाक्यं वाचून त्या माळा स्वतः ठरवतं. २०१३ मध्ये गूगलच्या संशोधकांनी दाखवलं की ‘राजा’च्या माळेतून ‘पुरुष’ वजा केला आणि ‘स्त्री’ मिळवली, तर जवळचा शब्द ‘राणी’ निघतो. मोठी देखणी गोष्ट होती ती. तीन वर्षांनी, २०१६ मध्ये, दुसऱ्या एका अभ्यासात त्याच जातीच्या अंकरूपांनी ‘पुरुषाला संगणकतज्ज्ञ, तर स्त्रीला काय?’ याचं उत्तर ‘गृहिणी’ असं दिलं. यंत्राने जे वाचलं होतं त्यातलं स्त्रियांचं चित्रण असंच होतं, आणि ते गुपचूप आकड्यांत उतरलं. इथे रूप आणि चित्रण हे दोन अर्थ एकमेकांत गुंतलेले दिसतात. एका शब्दाने दोन्ही सांगायला गेलं तर हा गुंता कुणाच्या लक्षातही येणार नाही.

दुसरा मोठा अर्थ: प्रतिनिधित्व

आता मूळच्या ‘प्रतिनिधित्वा’कडे. ‘प्रतिनिधी’ हा संस्कृत शब्द राजकारणात जन्मला नाही. यज्ञात सांगितलेलं द्रव्य मिळालं नाही तर त्याच्याऐवजी जे वापरायचं ते प्रतिनिधी: सोमवल्ली नसेल तर पूतिका ही दुसरी वनस्पती. म्हणजे बदली. मराठ्यांच्या इतिहासात प्रतिनिधी हे पद येतं तेही याच अर्थाने. छत्रपती राजाराम महाराजांनी जिंजीला प्रल्हाद निराजींना हे पद दिलं; ते छत्रपतींच्या वतीने कारभार पाहणारे. तिथे प्रतिनिधी राजाचा होता. प्रजेचा प्रतिनिधी ही कल्पना नंतरची, आणि शब्द मात्र तोच राहिला. खालून वर पाठवलेला माणूस आणि वरून खाली नेमलेला माणूस या दोघांना आजही आपण एकाच नावाने ओळखतो. कंपनीचा विक्री प्रतिनिधी आणि मतदारसंघाचा लोकप्रतिनिधी यांची उत्तरदायित्वाची दिशा एकमेकांच्या अगदी विरुद्ध असते, हे त्यामुळे सुटून जातं.

इंग्लंडच्या राजवटीविरुद्ध अमेरिकी वसाहतींनी १७६० च्या दशकात जो आवाज उठवला त्याच्या केंद्रस्थानी हाच शब्द होता: प्रतिनिधित्व नसेल तर कर नाही. १७६५ मध्ये ब्रिटिश संसदेने वसाहतींवर मुद्रांक कर लादला. वसाहतींचा एकही सदस्य त्या संसदेत नव्हता. त्यावर लंडनमधून उत्तर आलं की मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमही सदस्य पाठवत नाहीत, तरी संसद सगळ्यांच्या हिताचा विचार करते. त्यामुळे तुम्हीही अप्रत्यक्षपणे हजरच आहात. बॉस्टनचे वकील जेम्स ओटिस यांनी याला दिलेल्या प्रत्युत्तराचा आशय असा होता की, मँचेस्टरला प्रतिनिधी नसेल तर तो द्यायला हवा. दुसऱ्यावरचा अन्याय दाखवून आपल्यावरचा अन्याय न्याय्य ठरत नाही. मँचेस्टरला स्वतःचे खासदार मिळायला १८३२ उजाडावं लागलं.

प्रतिनिधी मिळाला तरी तो कसा वागावा हा प्रश्न उरतोच. १७७४ मध्ये राजकारणी आणि विचारवंत एडमंड बर्क इंग्लंडमधल्या ब्रिस्टलहून संसदेवर निवडून आले आणि त्यांनी मतदारांना तोंडावर सांगितलं की तुमचा खासदार तुमच्यासाठी कष्ट तर करीलच, पण आपली विवेकबुद्धीही तुमच्यासाठी वापरील. ती तुमच्या मतापुढे वाहून टाकली तर तो तुमची सेवा करत नाही, विश्वासघात करतो. सहा वर्षांनी ब्रिस्टलची जागा त्यांच्या हातून गेली. मतदारांना निरोप्या हवा होता आणि बर्कना विश्वस्त व्हायचं होतं. प्रतिनिधी म्हणजे निरोप्या की विश्वस्त, हा वाद अडीचशे वर्षांत मिटलेला नाही. माझ्या मते तो मिटूही नये. नुसता निरोप्या असेल तर सभागृहात चर्चा करण्यात अर्थच उरत नाही, आणि नुसता विश्वस्त असेल तर त्याला जाब कुणी विचारायचा?

‘आमच्यासारखाच माणूस हवा’ हा आग्रह कितपत योग्य?

इथे नेहमी एक आक्षेप येतो. आजाऱ्यावर उपचार करायला डॉक्टर स्वतः आजारी असावा लागत नाही, मग स्त्रियांचे प्रश्न मांडायला स्त्रीच कशाला हवी?

आक्षेपात तथ्य आहे, आणि पिटकिन यांनी केलेला भेद त्यासाठीच कामी येतो. प्रतिनिधी माझ्यासारखा असणं ही एक गोष्ट, आणि तो माझ्या हिताचं काम करणं ही दुसरी. रवांडाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात २००८ मध्ये स्त्रियांची संख्या निम्म्याच्या पुढे गेली. जगात हे प्रथमच घडत होतं. पण नुसत्या डोकी मोजण्यातून निर्णय कुणाच्या हातात आहेत ते कळत नाही. तेव्हा सारखेपणा पुरेसा नाही, हे मान्य.

तरी डॉक्टरची उपमा एका जागी लंगडी पडते. डॉक्टरकडे जाताना रोगी आपलं दुखणं स्वतः सांगतो. सभागृहात तो नसतो. कुठलं दुखणं आधी घ्यायचं, कशाला दुखणं म्हणायचं, हेच तिथे ठरत असतं. ज्यांनी ते कधी भोगलेलं नाही त्यांना ते सुचतच नाही, आणि यात त्यांचा वाईट हेतू असण्याचीही गरज नाही.

नमुना प्रातिनिधिक कधी होतो

१९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २३ लाखांहून अधिक परत आल्या. एवढा प्रचंड कौल हाताशी धरून साप्ताहिकाने अंदाज छापला की आल्फ्रेड लँडन जिंकणार. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते घेतले होते ते मुख्यतः दूरध्वनीच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदींवरून. मंदीच्या त्या वर्षांत ज्यांच्याकडे दूरध्वनी आणि मोटार होती, ते बाकीच्या देशासारखे मत देणारे नव्हते. शिवाय पत्र भरून परत धाडण्याची तसदी घेणारेही वेगळेच असतात. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी कमी लोकांना विचारून निकाल बरोबर ओळखला.

भांड्यातलं पाणी खारट आहे का हे एका थेंबाने कळतं, पण आधी ते ढवळलेलं हवं. न ढवळता वरवरचं कितीही चाखलं तरी तळाशी काय साचलंय ते कळणार नाही. मराठीत यासाठी ‘प्रातिनिधिक’ हा नेमका शब्द आहे. सर्वेक्षणाच्या बातमीत ‘इतक्या लाख लोकांचा कौल’ असं मोठ्या टाइपात दिसलं, तर ते लाख कुठून गोळा केले हे शोधा.

कायद्यातले आणखी तीन अर्थ

करारात रिप्रेझेंटेशन म्हणजे वस्तुस्थितीविषयी केलेलं कथन. ते खोटं निघालं की मिसरिप्रेझेंटेशन, म्हणजे दिशाभूल करणारं कथन. हे झालं माझ्याकडे आलेल्या कागदातलं.

सरकारी पत्रव्यवहारात तोच शब्द निवेदन किंवा अभिवेदन होतो: आपल्यावर अन्याय झाला असं वाटणारा माणूस वरिष्ठांपुढे आपली बाजू लेखी मांडतो, ते.

तिसरा अर्थ वारसाहक्कातला. आजोबांच्या आधी मुलगा गेला तर त्या मुलाची मुलं त्याच्या जागी उभी राहतात आणि त्याचा वाटा घेतात. कायद्याच्या इंग्रजीत यालाही रिप्रेझेंटेशन म्हणतात. मृत बाप वारसांच्या रांगेत आपल्या मुलांच्या रूपाने हजर असतो. शब्दाचा लॅटिन अर्थ इतका उघडपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही. मराठीत मात्र इथे ‘वडिलांच्या जागी वारस’ असं साधं म्हटलेलं पुरतं.

मग एकच पारिभाषिक शब्द ठरवून का टाकत नाही?

हा प्रश्न मला भाषांतराचं काम करणारी तरुण मंडळी विचारतात. कोशात एक शब्द, त्यासमोर एक प्रतिशब्द. काम सोपं होईल, यंत्रालाही सोपं जाईल. मला हे पटत नाही. जर्मन भाषेत चित्रणाला ‘डारश्टेलुंग’ आणि कुणाच्या वतीने उभं राहण्याला ‘फेरट्रेटुंग’ असे दोन वेगळे शब्द आहेत. साहित्य-समीक्षक गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८ मध्ये मार्क्सचा मजकूर वाचताना याच दोन शब्दांवर बोट ठेवलं. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द असल्याने एक मोठी गल्लत खपून जाते, असं त्यांचं म्हणणं: दीनदुबळ्यांचं वर्णन करणारा लेखक हळूच त्यांच्या वतीने बोलणारा होऊन बसतो. मराठीत ‘चित्रण’ आणि ‘प्रतिनिधित्व’ असे दोन शब्द आपल्याला आयते मिळालेले आहेत. इंग्रजीची गरिबी उसनी घेऊन ते एकात कोंबायचे, हे मला करवत नाही.

‘मग सरळ रिप्रेझेंटेशनच लिहा ना’ असंही काही जण सुचवतात. बोलताना मीही कधी कधी म्हणते. पण लिहिताना इंग्रजी शब्द तसाच ठेवला की अर्थ ठरवण्याचं काम मी वाचकावर ढकलते, आणि वाचकापाशी मूळ मजकूर नसतो.

पडद्यावर कोण दिसतं

सिनेमा-मालिकांच्या चर्चेत हा शब्द हल्ली सर्वाधिक येतो, आणि तिथेच तो सर्वांत निसरडा आहे. ‘या मालिकेत रिप्रेझेंटेशन चांगलं आहे’ या वाक्याचे निदान तीन अर्थ निघतात. एखाद्या समाजगटातली पात्रं त्यात आहेत. किंवा ती पात्रं नीट रंगवली आहेत. किंवा त्या गटातली माणसं ती मालिका लिहिणाऱ्यांत आणि बनवणाऱ्यांत आहेत. पहिलं झालं अस्तित्व, दुसरं चित्रण, तिसरं सहभाग.

अमेरिकी व्यंगचित्रकार ॲलिसन बेक्डेल यांनी १९८५ मध्ये एका व्यंगचित्रपट्टीत एक कसोटी मांडली. सिनेमात निदान दोन स्त्रिया हव्यात, त्यांनी एकमेकींशी बोलायला हवं, आणि बोलण्याचा विषय पुरुषाखेरीज दुसरा काहीतरी हवा. अट इतकी किरकोळ आहे, तरी ही कसोटी लावून पाहा: आवडते सिनेमे एकामागून एक गळतात. मी लावून पाहिली तेव्हा मला वाईट वाटलं. पण ही कसोटी फक्त अस्तित्व मोजते. ती पार करणाऱ्या सिनेमातही स्त्रीचं चित्रण हीन असू शकतं, आणि तिच्यात नापास होणारा सिनेमा एकट्या स्त्रीचं मन विलक्षण समजुतीने उलगडू शकतो.

‘करमणुकीत एवढं काय पाहायचं?’ असं म्हणणाऱ्यांना मी नकाशाची आठवण करून देईन. ग्रीनलँड प्रत्यक्ष पाहिलेली माणसं फार थोडी असतात. बाकीच्यांना नकाशातलाच आकार खरा वाटतो. एखाद्या समाजातला एकही माणूस ज्यांना ओळखीचा नाही, त्यांच्यासाठी पडद्यावरचं पात्र हाच त्या समाजाचा नकाशा असतो.

त्या अपंगांविषयीच्या लेखाकडे मी पुन्हा गेले. ‘सिनेमात अपंग व्यक्तींचं प्रतिनिधित्व कमी आहे’ या वाक्याच्या जागी काय लिहावं? मजकूर पूर्ण वाचल्यावर दिसलं की लेखिकेची तक्रार वेगळी होती. अपंग पात्रं बऱ्याच सिनेमांत आहेत. पण ती दयेची धनी किंवा चमत्काराची धनी, अधलंमधलं काही नाही, आणि भूमिका करणारे नट बहुतेक धडधाकट. म्हणजे तक्रार चित्रणाची होती आणि सहभागाची होती. संख्येची नव्हतीच. मी लिहिलं: ‘सिनेमात अपंग व्यक्ती दिसतात, पण त्यांचं चित्रण एकसुरी असतं आणि ते घडवण्यात त्यांना स्थान नसतं.’ वाक्य लांबलं, पण लेखिकेला हवं ते त्यात आलं.

अपंगांच्या हक्कांच्या चळवळीची एक घोषणा १९९० च्या दशकापासून जगभर गाजते आहे. मराठीत ती अशी म्हणता येईल: ‘आमच्याविना आमच्याबद्दल काहीही नको.’ घोषणेत रिप्रेझेंटेशन हा शब्द कुठेच नाही. ‘आमच्याबद्दल’मध्ये चित्रण आहे, आणि ‘आमच्याविना’मध्ये प्रतिनिधित्व.